अडीच किलोच्या आतलं बाळ

बाळ झाल्याचा फोन आला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. मुलगा की मुलगी, आणि वजन किती? दुसऱ्याचं उत्तर "तीन किलो" आलं की आत्या खूश. "दोन किलो शंभर" आलं की फोनवर जरा शांतता, आणि मग हळूच, "का गं, हिने काही खाल्लंच नाही का नऊ महिने?"

पवईत लहान मुलांचा दवाखाना चालवताना हा प्रश्न मला दोन्हीकडून ऐकायला मिळतो. हिरानंदानीतल्या विसाव्या मजल्यावरून आलेल्या आजी विचारतात, तशाच फिल्टरपाड्याच्या वस्तीतून आलेल्या सासूबाईही विचारतात. भाषा थोडी वेगळी, रोख तोच. आणि दोन्हीकडे बाळंतीण मान खाली घालून टोपड्याची नाडी गुंडाळत बसलेली असते. आज मला बोलायचंय ते तिच्याशी, आणि त्याहून जास्त तिच्या आजूबाजूला बसलेल्या मंडळींशी.

आधी आकड्याचं बोलू. जन्मतः 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजन म्हणजे कमी वजनाचं बाळ, ही जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली रेघ. दीड किलोच्या आत असेल तर फार कमी, एक किलोच्या आत तर अतिशय कमी. रेघ ही शेवटी रेघच. 2480 ग्रॅमचं तरतरीत, ओढून दूध पिणारं बाळ पाहून घरच्यांनी रडारड करायची गरज नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात वजन नोंदलेल्या बाळांपैकी साधारण 18 टक्के बाळं या रेघेखाली निघाली. म्हणजे तुमच्या जिन्यावर, तुमच्या चाळीत असं बाळ असणारच. तुमचं घर जगावेगळं नाही.

पण कमी वजनाची सगळी बाळं एकसारखी नसतात. काही दिवस भरायच्या आत, 37 आठवड्यांपूर्वी येतात. ती लहान असतात, कारण त्यांना वाढायला वेळच मिळाला नाही. काही मात्र पुरे दिवस भरून येतात आणि तरी लहान असतात, कारण पोटात असताना त्यांच्यापर्यंत पुरेसं पोचलंच नाही. काहींचं दोन्ही बिघडलेलं. पहिल्या प्रकारात फुप्फुसं कच्ची, दूध ओढायची ताकद कमी; दुसऱ्यात रक्तातली साखर पटकन खाली जाण्याची आणि अंग गार पडण्याची भीती जास्त. उपचाराची दिशा यावर ठरते. म्हणून मी पहिल्याच भेटीत सुरुवातीच्या, तिसऱ्या महिन्याच्या आतल्या सोनोग्राफीचा कागद मागते. दिवसांचा खरा हिशेब त्यात असतो. पवईतल्या कितीतरी मुली सातव्या महिन्यात माहेरी जातात, कुणी साताऱ्याला, कुणी चिपळूणला. जाताना साड्या, डिंकाचे लाडू सगळं बरोबर असतं. फाइल मात्र इथल्या कपाटात. ती फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड आधी पिशवीत टाका, लाडू नंतर.

आता त्या प्रश्नाकडे येते. "हिने काही खाल्लं नाही का?"

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. गरोदर राहण्याआधीपासून त्यांची वजनं, उंची, आहार सगळं लिहून ठेवलं. या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं 42 किलोच्या आसपास, उंची सुमारे 152 सेंटिमीटर. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. नऊ महिन्यांत कुणी किती पोळ्या खाल्ल्या यावरून एवढा फरक पडत नाही. 42 किलो ही त्या मुलीची लग्नाआधीची गोष्ट आहे. तिच्या ताटात लहानपणी काय पडलं, दहावीत असताना तिचं रक्त किती होतं, भावाला दूध आणि तिला चहा असा घरचा रिवाज होता का, ती स्वतः जन्मली तेव्हा किती किलोची होती, हे सगळं त्यात आलं. म्हणजे सुनेच्या पोटातल्या बाळाचं वजन काही अंशी तिच्या आईच्या घरात ठरलेलं असतं आणि काही अंशी आजीच्या. अशा गोष्टीचा जाब एका बाळंतिणीला विचारणं मला तरी न्याय्य वाटत नाही.

याच अभ्यासात एक आशेची गोष्टही सापडली. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जरा मोठी निघाली. मग तोच धागा घेऊन मुंबईत पुढचं काम झालं, आणि ते आपल्या उपनगराच्या दाराशीच. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वांद्र्याच्या एका संस्थेतून 2006 पासून वस्त्यांमधल्या साडेसहा हजारांवर बायकांना रोज एक खाऊ द्यायला सुरुवात केली. गरोदर राहिल्यावर नाही, आधीपासून. अर्ध्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्या. चवीला दोन्ही समोसा-भज्यांच्या जातकुळीतले, म्हणजे मुंबईकराच्या जिभेला ओळखीचे. 'प्रोजेक्ट सरस' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो.

निकाल 2014 मध्ये आला आणि तो सरळसोट नव्हता. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर वजनात ठळक फरक नव्हता. पण गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी तो खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमने जड होती. 48 ग्रॅम म्हणजे काही फार नव्हे, कबूल. मला जास्त बोचली ती दुसरी गोष्ट. मुळातच फार हडकुळ्या असलेल्या आयांना या खाऊचा वजनापुरता फायदा झालाच नाही. ज्यांच्या अंगावर थोडं मांस होतं त्यांच्या बाळांना जास्त झाला. जिला सर्वांत गरज, तिलाच कमी उपयोग! डॉक्टर म्हणून मी याचा अर्थ असा लावते की रिकामी तिजोरी तीन महिन्यांत भरत नाही. हीच भाजी-दूध-फळं तिला तेराव्या-चौदाव्या वर्षी मिळायला हवी होती. बाकी या खाऊने गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं, हा लाभ निराळा आणि मोठा.

तर सासूबाई, मेथी-चवळी-राजगिरा, एखादं पेरू-केळं, कपभर दूध हे सुनेला मिळू द्याच, पण घरातल्या सातवीतल्या नातीलाही द्या. आणि "जास्त खाऊ नको, बाळ मोठं होईल, मग सिझर करावं लागेल" हा सल्ला कृपा करून बंद करा. मी तो इंजिनिअर मुलींच्या तोंडूनही ऐकलाय.

खाण्याइतकाच महत्त्वाचा आहे खर्च. पैशांचा नाही, अंगाचा. डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या त्याच गावांत बायकांच्या कामाची मोजदाद केली, तेव्हा गरोदरपणात जास्त राबणाऱ्या बायकांची बाळं लहान निघाली. शेतकाम, पाणी भरणं, धुणं. पवईत शेत नाही, पण चढ आहे. मोरारजी नगरच्या, फिल्टरपाड्याच्या टेकाडावर पाणी यायची वेळ विचित्र, आणि हंडा-कळशी चढवायला घरातली मोठी बाई किंवा गरोदर सून. त्यानंतर ती टॉवरमध्ये चार घरची भांडी-लादी करायला जाते. संध्याकाळी परत चढ. दोन पोळ्या जास्त खाऊन हा हिशेब जमत नाही. माझ्याकडे आलेल्या जोडप्याला मी नवऱ्यासमोर विचारते, "पाणी कोण भरतं?" पहिल्यांदा तो हसतो. दुसऱ्या खेपेला बहुधा उत्तर बदललेलं असतं. आणि टॉवरमधल्या ताई, तुमच्या घरी काम करणारी बाई सहा महिन्यांची गरोदर असेल तर तिला वाकून लादी पुसायला लावू नका, मॉप द्या, आणि तपासणीच्या दिवशी पगार न कापता सुट्टी द्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी ठिकाणी गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी "तुझ्याच दांड्या फार होतात" म्हणू नका.

मिश्रीबद्दल कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं तर "दात घासते हो नुसते" असं उत्तर येतं. ती तंबाखूच आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांवर केलेला अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मिश्री, गुटखा, तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी होती आणि सुमारे सहा दिवस लवकर जन्मली. वरचे 48 ग्रॅम आठवा. महिनोन्महिने चांगला खाऊ घालून जेवढं कमावलं त्याच्या दुप्पट ही डबी घालवते. नवऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूरही तेच करतो. खोली एकच असेल तर बाहेर जाऊन ओढा, आणि खरं तर सोडाच.

आता टॉवरकडे. तिथे ताटात कमी नसतं, तरी कमी वजनाची बाळं येतातच. कारणं वेगळी असतात. पस्तिशीनंतरचं पहिलं गरोदरपण, त्याबरोबर येणारा रक्तदाब. दाब वाढला की वारेकडे रक्त नीट पोचत नाही आणि बाळाची वाढ खुंटते. आयव्हीएफमधून आलेली जुळी, क्वचित तिळी. पोटात जागा आणि वेळ दोन्ही वाटून घ्यावं लागतं. आयव्हीएफ करणार असाल तर एकच गर्भ सोडण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोला. डाएटच्या नावाखाली उपाशी राहणंही टॉवरमध्येच जास्त दिसतं. आणि मुहूर्त! पंचांगात योग चांगला आहे म्हणून 37व्या आठवड्यात सिझर मागणारी शिकली-सवरली माणसं पवईत आहेत. बाळाला वा आईला धोका असेल तर लवकर काढावंच लागतं, तो निर्णय डॉक्टरांचा. पण काही कारण नसेल तर 39 आठवडे पुरे होऊ द्या. त्या दोन आठवड्यांत बाळ वजन घेतं, फुप्फुसं पिकतात. गुरू-शुक्र दोन आठवडे थांबायला तयार असतात.

दोन्हीकडे समान असलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. रक्त (हिमोग्लोबिन) 11 च्या खाली असणं, लघवीतला जंतुसंसर्ग, जो कधी कधी काहीच त्रास न देता कळा लवकर आणतो, मलेरिया, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नसणं, आईची उंची फार कमी असणं, वय अठराच्या आत असणं. हवेचाही वाटा आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रोचं काम चालू असताना तिथून रिक्षाने जाणाऱ्या गरोदर मुलीला मी एवढंच सांगू शकते की नाकावर चांगला मास्क लाव. उरलेलं सगळं तिच्या हातात नाही.

लोहाच्या लाल गोळीबद्दल एक टीप. ती चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली तर अर्धी वाया जाते, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं झालं तरी घाबरू नका. गोळी पोटात गेल्याची ती खूण आहे.

बरं, हे सगळं होऊन बाळ आलं आणि काटा दोन किलोवर थांबला. आता काय?

ऊब, दूध आणि जंतूंपासून राखण, एवढंच. बाकी यंत्रं लागली तर रुग्णालयात असतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये डॉ. एडगर रे यांच्याकडे ऊब देणाऱ्या पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. त्याला आज कांगारू केअर म्हणतात. नंतर भारतासह पाच देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं की एक किलो ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच असं छातीशी धरलं तर मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी होतात. हा निकाल 2021 मध्ये छापून आला. गरिबांची सोय म्हणून निघालेली गोष्ट आता सगळ्यांसाठी पहिला उपचार ठरली आहे.

करायचं कसं ते नीट पाहा. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये, उभं ठेवायचं. हातपाय बेडकासारखे दुमडलेले. मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, नाक मोकळं. वरून जुन्या मऊ सुती साडीचा पट्टा असा बांधायचा की बाळ घसरणार नाही, पण पोट हलायला जागा राहील. वरून गाऊन किंवा शर्ट. अर्धी टेकून बसा, चाला, जेवा. दिवसातून जितके तास जमतील तितके, आठापेक्षा कमी नकोत. आई दमली की बाबा, आजी, मावशी. एका रिक्षावाल्या बाबांनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, पण माझ्या छातीवर केस आहेत, टोचणार नाहीत ना?" नाही टोचत. ते बाळ त्यांच्याच छातीवर सर्वांत शांत झोपायचं आणि त्याच्या आईला दुपारची दोन तास झोप मिळायची.

दूध आईचंच. ओढायची ताकद नसेल तर काढून वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने. बाटली नको, मध-गुटी नको, पाणी नको. "दूध पुरत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा बाळ नीट न धरल्याची असते. बाळाने नुसतं बोंड चोखलं तर आईला दुखतं आणि बाळाला थोडंच मिळतं. तोंड मोठं उघडून खालचा काळा भाग जास्त तोंडात गेला पाहिजे. हे शिकवायला आपल्या पवईतच सोय आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपान, कांगारू केअर आणि बाळाच्या आहारावरच्या फिती तयार झाल्या आहेत, मराठीतही आहेत, फुकट आहेत. सुईण म्हणून मोबाइल वाईट नाही! आणि आईचं दूध येईपर्यंत अगदी नाजूक बाळाला दुसऱ्या आईचं दूध मिळू शकतं. शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती याचसाठी. "परक्या बाईचं दूध कसं द्यायचं" असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, परक्या गाईचं चालतं?

काही गोष्टी आजींना पटवणं अवघड जातं, तरी सांगते. नाळ पडेपर्यंत आणि वजन सुधारेपर्यंत न्हाऊमाखू घालण्याची घाई नको. कोमट ओल्या कापडाने पुसा. शेगडी-धुरी तर मुळीच नको. वेखंड, ओवा, धूप यांचा धूर त्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाही; दहा बाय दहाच्या खोलीत तो जातोही कुठे? पाहुण्यांना बारशापर्यंत थांबवा. तेवढा वाईटपणा डॉक्टरच्या नावावर खपवा.

वजन रोज घरी करू नका, वेड लागेल. पहिल्या आठवड्यात ते उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, मग दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढलं तर ठीक. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच; "लहान आहे, थोडं बाळसं धरू दे" म्हणून पुढे ढकलू नका, फक्त एकदा डॉक्टरांना विचारा. लोहाचे आणि ड-जीवनसत्त्वाचे थेंब वेळेवर सुरू करा. बाळ दोन किलोच्या आत किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलं असेल तर पहिल्या महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हवीच. ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते, आणि घरी बाळाकडे बघून ते कुणालाच कळत नाही. ऐकण्याची तपासणीही करून घ्या.

दूध ओढणं थांबलं, तळपाय गार लागले, श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला किंवा बाळ नुसतं निपचित पडून राहू लागलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, राजावाडी रुग्णालय असो की जवळचं खाजगी, निघा. निघताना बाळ छातीशीच बांधलेलं असू दे.

एक धोका मात्र उलट्या दिशेचा आहे. लहान जन्मलेल्या बाळाला जाडजूड करायचा घरच्यांचा हट्ट. डॉ. याज्ञिकांच्या कामातून दिसलं की आपली बाळं हडकुळी दिसली तरी त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने टिकून असते, आणि लहान जन्मून पुढे भराभर फुगलेल्या मुलांना मधुमेहाची भीती जास्त. तेव्हा सहा महिन्यांनंतर भाताची पेज, वरण, अंडं, नाचणी, पालेभाजी, सगळं घाला. बिस्किट, साखरेचं दूध आणि डब्यातली पावडर घालून गाल वर आणू नका. शेजारच्या बाळाशी तुलना तर नकोच. उंची, डोक्याचा घेर आणि वजन तिन्ही आलेखावर सारखे चढत असतील तर ते बाळ उत्तम चाललंय, भले ते सोसायटीतलं सर्वांत लहान असो.

आणि आई, तुझं काय? दीड महिन्याने बाळाला लस द्यायला येशील तेव्हा तुझंही रक्त तपासून घे. पुढचं बाळ हवं असेल तर किमान दोन वर्षं थांब. तांबी पालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत बसवून मिळते. पुन्हा दिवस राहू द्यायचे ठरवशील तेव्हा फॉलिक ॲसिडची गोळी तीन महिने आधीपासून घे, आणि पाणी कोण भरणार ते घरात आधीच ठरवून टाक.